क्रूझच्या केबिनमधील सॉकेट, प्लग आणि ॲडॉप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारी छोटी सफर असो, सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची सफर असो, की अलास्का आणि भूमध्य समुद्रातील लांबचा प्रवास असो. तिकीट हातात पडले की कपडे आणि औषधांच्या यादीपाठोपाठ ‘चार्जर कुठे लावायचा’ हा प्रश्न येतोच. हॉटेलच्या खोलीला लागू पडणारी उत्तरे जहाजाच्या केबिनला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. त्यामुळे सातत्याने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

केबिनमध्ये कोणत्या प्रकारचे सॉकेट असतात?

मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर लिहिण्याच्या टेबलाशी दोन प्रकारचे सॉकेट शेजारी शेजारी आढळतात. एक अमेरिकी पद्धतीचे, चपट्या पिनांचे आणि सुमारे ११० ते १२० व्होल्टचे. दुसरे युरोपीय पद्धतीचे, दोन गोल पिनांचे आणि सुमारे २२० ते २३० व्होल्टचे. ब्रिटिश प्रवाशांसाठी चालवल्या जाणाऱ्या जहाजांवर, उदाहरणार्थ पी अँड ओ आणि क्युनार्ड या कंपन्यांच्या ताफ्यात, ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेटही असतात. क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर त्यांच्या जोडीला अमेरिकी सॉकेटही मिळते. भारतातील तीन गोल पिनांचे सॉकेट मात्र आंतरराष्ट्रीय जहाजांवर मिळेल असे गृहीत धरू नये.

अलीकडे बांधलेल्या जहाजांवर पलंगाच्या दोन्ही बाजूंना यूएसबी पोर्ट असतात. जुन्या जहाजांवर ते क्वचितच दिसतात आणि एकूण सॉकेटही मोजकीच असतात, कारण ती जहाजे बांधली गेली तेव्हा एका प्रवाशाच्या खिशात फोन, मनगटावर घड्याळ आणि कानात चार्ज करावे लागणारे हेडफोन असतील, अशी कल्पनाही कोणी केली नव्हती.

भारतातील चार्जर केबिनमधील सॉकेटमध्ये थेट बसतो का?

काही बसतात, काही बसत नाहीत, आणि काही बसल्यासारखे वाटतात. गोंधळ या तिसऱ्या प्रकाराचा असतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल.

मोबाइलच्या दोन पिनी चार्जरच्या पिना बहुतेक वेळा सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या युरोपीय सॉकेटमध्ये जातात. मात्र युरोपीय सॉकेट भिंतीत वाटीसारखे खोल असते, त्यामुळे रुंद अंगाचा चौकोनी चार्जर वाटीच्या काठावरच अडतो आणि पिना पूर्ण आत पोहोचत नाहीत. अशा वेळी चार्जर ढिला लोंबकळतो, मध्येच चार्जिंग थांबते आणि कधी कधी बारीक चरचर ऐकू येते. ती चरचर म्हणजे ढिल्या जोडणीतून उडणाऱ्या ठिणग्या असतात. तो चार्जर तेथून काढून घ्यावा. उशी, पुस्तक किंवा सूटकेस टेकवून त्याला आधार देऊ नये.

लॅपटॉपच्या वायरीला असणारा तीन पिनी प्लग युरोपीय सॉकेटमध्ये बसतच नाही. आपल्या सहा अँपिअरच्या प्लगच्या खालच्या दोन पिना सुमारे ५.१ मिलिमीटर जाडीच्या असतात, तर युरोपीय सॉकेटची छिद्रे ४.८ मिलिमीटरच्या पिनांसाठी केलेली असतात. अर्थिंगची जाड पिन तर बाहेरच राहते. त्यासाठी ॲडॉप्टर हवाच. तो घेताना अर्थिंगची जोडणी असलेला, म्हणजे कडेला धातूच्या पट्ट्या असलेला घ्यावा. दुकानात स्वस्तात मिळणारे बरेच ॲडॉप्टर तिसरी पिन नुसती पोटात घेतात आणि पुढे कोठेही जोडत नाहीत. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप अशा ॲडॉप्टरवर चार्जिंगला लावून त्यावर मनगट टेकवले की झिणझिण्या जाणवतात, त्या याच कारणाने.

अमेरिकी सॉकेटसाठी चपट्या पिनांचा स्वतंत्र ॲडॉप्टर लागतो. ब्रिटिश सॉकेटबाबत एक विशेष सूचना द्यावीशी वाटते. वरच्या छिद्रात पेन किंवा काडी खुपसून आतील झडप उघडायची आणि खाली दोन पिनी प्लग दाबून बसवायचा, ही आपल्याकडे घराघरांत चालणारी युक्ती जहाजावर कटाक्षाने टाळावी. ती झडप सुरक्षिततेसाठीच असते, आणि जबरदस्तीने बसवलेला प्लग सॉकेटच्या पट्ट्या कायमच्या सैल करतो.

‘युनिव्हर्सल’ ॲडॉप्टर घेतला तर सगळे प्रश्न सुटतात का?

पूर्णपणे नाही. सर्व देशांच्या पिना आत-बाहेर सरकवता येणारा तो ठोकळा जड असतो, युरोपीय सॉकेटच्या वाटीत नीट बसत नाही आणि आजूबाजूचे सॉकेट झाकून टाकतो. शिवाय त्यांतील बहुतेकांना अर्थिंग नसते. आमच्या मते दोन साधे, लहान, एकाच कामाचे ॲडॉप्टर त्याहून बरे: एक युरोपीय आणि एक अमेरिकी. ब्रिटिश जहाज असेल, किंवा आधी सिंगापुरात मुक्काम असेल, तर तिसरा ब्रिटिश पद्धतीचा घ्यावा, कारण सिंगापुरात सर्वत्र तेच सॉकेट आहे.

ॲडॉप्टर लावला की व्होल्टेजही बदलते का?

नाही. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. सॉकेटमध्ये ११० व्होल्ट असतील तर उपकरणाला ११०च मिळतात.

म्हणून घरी असतानाच प्रत्येक चार्जर उलटा करून त्यावरील बारीक अक्षरे वाचावीत, गरज पडल्यास फोनने फोटो काढून तो मोठा करून पाहावा. ‘इनपुट’ या शब्दापुढे १००–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असेल, तर तो चार्जर जहाजावरील कोणत्याही सॉकेटवर चालतो. मोबाइल, टॅब्लेट, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याचे आजचे जवळपास सर्व चार्जर या वर्गात मोडतात. केवळ २३० व्होल्ट किंवा २२०–२४० व्होल्ट असे लिहिलेले उपकरण फक्त युरोपीय किंवा ब्रिटिश सॉकेटवर वापरावे. केवळ १२० व्होल्ट लिहिलेले उपकरण, जे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे हमखास असते, ते चुकूनही युरोपीय सॉकेटला लावू नये. ते काही क्षणांत जळू शकते.

घरचा हेअर ड्रायर नेता येईल का?

नेण्याची गरज नसते. बहुतेक केबिनमध्ये ड्रायर टेबलाच्या खणात किंवा बाथरूमच्या भिंतीवर असतोच. शिवाय २३० व्होल्टचा ड्रायर ११० व्होल्टवर लावला तर त्याची शक्ती निम्मी होत नाही, चौथ्या भागाहूनही खाली जाते, कारण उष्णता देणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १२०० वॉटचा ड्रायर जेमतेम २७५ वॉट देतो आणि केसांवर कोमट वारा तेवढा येतो. केस सरळ करण्याची इस्त्री बहुतेक कंपन्या चालू देतात, परंतु तिच्यावरील व्होल्टेज वर सांगितल्याप्रमाणे तपासूनच ती न्यावी.

जहाजावरील वीज ६० हर्ट्झची असते, असे ऐकले. त्याने काही बिघडते का?

बहुतेक क्रूझ जहाजांवर डिझेल इंजिनांवर चालणारे जनित्र वीज तयार करतात आणि ती ६० हर्ट्झची असते, तर भारतात ५० हर्ट्झ वापरले जाते. मोठ्या जहाजांवर ही वीज ११ किलोव्होल्ट किंवा ६.६ किलोव्होल्टवर तयार होते, तिच्यावर जहाजाला पुढे नेणाऱ्या मोटरी चालतात आणि तीच टप्प्याटप्प्याने उतरवून केबिनपर्यंत आणली जाते. इलेक्ट्रॉनिक चार्जरला या फरकाने काहीही होत नाही. विजेच्या वारंवारतेवर ज्यांची गती ठरते अशी साधी मोटर असलेली उपकरणे आणि जुन्या पद्धतीची भिंतीला जोडायची घड्याळे मात्र सुमारे वीस टक्के वेगाने पळतात.

एक्स्टेन्शन बोर्ड नेण्यास मनाई का आहे? घरी तर तोच सुरक्षित मानला जातो.

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि नाराजीही याच्यावरच असते. ‘सर्ज प्रोटेक्टर’, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरण वाचवणारी सोय, असलेला महागडा बोर्ड घेऊन आलेल्या प्रवाशाला तर तो तपासणीतच काढून घेतला जातो याचे आश्चर्य वाटते. कारण समजून घेण्यासाठी घरची आणि जहाजाची वायरिंग यांतील फरक पाहावा लागतो.

घरात दोन तारांपैकी एक फेज आणि दुसरी न्यूट्रल असते. न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते, म्हणून बटण बंद करून फेज तोडली की पुढचा भाग निर्जीव होतो. जहाजाखाली जमीन नसते, पाणी असते, आणि जहाजाचा संपूर्ण सांगाडा पोलादाचा असतो. त्यामुळे अनेक जहाजांवर वीजवितरणाच्या दोन्ही तारा सांगाड्यापासून अलग ठेवतात. याचा फायदा असा की, कोठे एका तारेचा सांगाड्याला स्पर्श झाला तरी वीज लगेच तुटत नाही. सुकाणू, पंप आणि दिवे चालू राहतात आणि अभियंते दोष शोधून दुरुस्त करतात. मात्र अशा व्यवस्थेत न्यूट्रल नावाची निरुपद्रवी तार उरत नाही; दोन्ही तारा जिवंत समजाव्या लागतात.

आता घरगुती सर्ज प्रोटेक्टर पाहू. त्याचे बटण आणि त्यातील ब्रेकर एकच तार तोडतात, त्यामुळे जहाजावर दुसरी तार तशीच जिवंत राहते. त्याच्या पोटात तारा आणि अर्थिंग यांच्यामध्ये जोडलेले छोटे घटक असतात. अचानक वाढलेला दाब जमिनीत वळवणे हे त्यांचे काम असते. जहाजावर कोठेतरी सांगाड्याशी दोष निर्माण झाला की याच घटकांतून नको तेथे प्रवाह वाहू लागतो, ते तापत जातात आणि प्लास्टिक पेट घेते. एका जहाजावर केबिनमध्ये अशा दोन आगी लागल्यानंतर अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याच विषयावर सुरक्षा इशारा प्रसिद्ध केला होता.

साध्या, सर्ज प्रोटेक्टर नसलेल्या बोर्डाबाबत नियम कंपनीनुसार वेगळे आहेत आणि ते बदलतही असतात. रॉयल कॅरिबियनने सप्टेंबर २०२४ मध्ये मनाईच्या यादीत मल्टिप्लगचाही, म्हणजे एका सॉकेटची अनेक सॉकेट करणाऱ्या प्लगचाही, समावेश केला. यूएसबी हबला मात्र परवानगी ठेवली. आपल्या कंपनीची प्रचलित यादी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचून पाहावी. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकांचा अनुभव येथे उपयोगाचा नाही.

एका तारेच्या दोषाची इतकी भीती कशासाठी?

समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही. आग जहाजावरील कर्मचाऱ्यांनाच विझवावी लागते. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या बाल्कन्यांना आग लागली. विझवून न टाकलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण ठरले. त्या दुर्घटनेत एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर बाल्कनीतील साहित्याचे आंतरराष्ट्रीय नियम कडक करण्यात आले. ती आग विजेची नव्हती हे खरे, परंतु इतक्या लहान ठिणगीने काय होते हे कंपन्यांनी त्या रात्री पाहिले.

मग चार जणांच्या केबिनमध्ये सर्वांचे फोन कसे चार्ज करायचे?

तीन किंवा चार पोर्टचा एक चांगला यूएसबी चार्जर घ्यावा. ६५ वॉटचा असा चार्जर मुठीत मावतो, एकच सॉकेट अडवतो आणि फोनसोबत बहुतेक टाइप-सी लॅपटॉपही चार्ज करतो. तो भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेला असावा आणि त्याच्यावर साधे वीज-सॉकेट नसावे, कारण तसे सॉकेट असले की तपासणीत तो मल्टिप्लग ठरतो. दीड-दोन मीटर लांबीच्या केबल सोबत घ्याव्यात; केबिनमधील टेबल आणि पलंग यांतील अंतर आखूड केबलने भागत नाही.

आजी-आजोबांच्या फोनचे चार्जर जुने, प्रत्येकाचे वेगळे आणि जाडजूड असतात. ते सर्व बरोबर नेण्यापेक्षा त्यांच्या फोनला बसणारी केबल तेवढी घ्यावी.

पाणी तापवायची किटली, लहान कुकर, इस्त्री किंवा उदबत्ती नेता येते का?

नाही, आणि याबाबतीत कंपन्यांमध्ये फारसे मतभेद नाहीत. उष्णता निर्माण करणारी उपकरणे, म्हणजे किटली, पाण्याचा रॉड, हॉटप्लेट, भाताचा छोटा कुकर, कपड्यांची इस्त्री आणि वाफेची इस्त्री, जवळपास सर्वत्र निषिद्ध आहेत. मेणबत्ती, उदबत्ती आणि निरांजनही चालत नाही. केबिनमध्ये धुराची सूचना देणारे यंत्र असते आणि ते भक्तिभाव पाहून थांबत नाही.

बाळाच्या दुधासाठी किंवा औषधासाठी गरम पाणी हवे असल्यास केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगावे. थर्मास रिकामा न्यावा आणि बुफेमध्ये भरून घ्यावा. झटपट पोहे किंवा उपमा यांची पाकिटे नेणाऱ्यांनीही हाच मार्ग धरावा. काही ब्रिटिश जहाजांवर केबिनमध्येच किटली दिलेली असते, ती अर्थातच वापरता येते. इस्त्रीसाठी अनेक जहाजांवर स्वतंत्र खोली असते, नाहीतर धुलाईसेवेकडे कपडे द्यावे लागतात.

सीपॅप, नेब्युलायझर किंवा इन्सुलिनसाठी काय करावे?

वैद्यकीय उपकरणांना परवानगी असते, मात्र आधी कळवणे आवश्यक आहे. झोपेत श्वासासाठी सीपॅप वापरणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच तसे नोंदवावे. सॉकेट बहुधा टेबलाशी आणि पलंग दूर, अशी रचना असल्यामुळे जहाजाने मान्य केलेली एक्स्टेन्शन वायर जहाजाकडूनच मिळते. यंत्रात घालायच्या ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचीही सोय आधी सांगितल्यास होते. सीपॅपचा पुरवठा-संच सामान्यतः १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे फक्त पिनांचा प्रश्न उरतो.

नेब्युलायझरकडे अधिक लक्ष द्यावे लागते. आपल्या औषध-दुकानांत मिळणारे, खडखड आवाज करणारे कॉम्प्रेसर नेब्युलायझर बरेचदा फक्त २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठी असतात. ११० व्होल्टच्या सॉकेटवर ते दम लागलेल्या रुग्णाला पुरेसे औषध देणार नाहीत, आणि ६० हर्ट्झवर त्यांची चाल बदलते. शक्य असल्यास डॉक्टरांना विचारून बॅटरीवर चालणारा लहान मेश नेब्युलायझर घ्यावा, तसेच आवश्यकता भासल्यास जहाजाच्या वैद्यकीय कक्षात सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवावे.

केबिनमधील छोटा फ्रिज हा बहुधा पेये गार ठेवणारा कूलर असतो. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि हे तापमान त्यात राखले जाईलच असे नाही. वैद्यकीय फ्रिजची मागणी करावी किंवा इन्सुलिन वैद्यकीय कक्षात ठेवण्याची विनंती करावी.

बाथरूममधील सॉकेटवर फोन चार्ज करावा का?

करू नये. ते दाढीच्या यंत्रासाठी असते आणि फारच थोडा भार घेते. जहाजाची बाथरूम इतकी लहान असते की शॉवरचे शिंतोडे सॉकेटपर्यंत पोहोचतातच.

खोलीबाहेर गेल्यावर चार्जिंग थांबते, असे का?

अनेक जहाजांवर दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्यावरच केबिनमधील दिवे चालू होतात, आणि काही जहाजांवर काही सॉकेटही त्याच्याशी जोडलेली असतात. खाचेत जुने क्लबचे कार्ड ठेवून हा अडथळा पार करणारे प्रवासी पुष्कळ आहेत. तरीही माणूस केबिनमध्ये नसताना लॅपटॉप पलंगावर, पांघरुणात चार्जिंगला सोडून जाणे योग्य नाही. चार्जिंग टेबलावर, उघड्या जागी आणि शक्यतो आपण खोलीत असताना करावे.

सॉकेट सापडतच नाही किंवा अचानक बंद पडले तर?

टीव्हीच्या मागे, पलंगाच्या बाजूला खाली, ड्रायरच्या खणात आणि फ्रिजच्या कप्प्यात पाहावे. फ्रिज किंवा टीव्हीचा प्लग स्वतः काढू नये. केबिन कर्मचाऱ्याला विचारावे. सॉकेट बंद पडले असेल तर बहुधा ब्रेकर पडलेला असतो आणि काही वेळा शेजारच्या केबिनचीही वीज गेलेली असते. स्वागतकक्षाला फोन करावा. फळी किंवा पॅनल उघडण्याचा प्रयत्न करू नये. सॉकेट काळवंडलेले असेल किंवा जळकट वास येत असेल, तर रात्री दोन वाजताही लगेच कळवावे.

पॉवर बँक चालते का?

चालते, आणि बंदरावर उतरून फिरण्याच्या दिवशी ती फार उपयोगी पडते. सिंगापूर किंवा बार्सिलोनापर्यंत विमानाने जायचे असल्यास ती हातातील सामानातच ठेवावी लागते आणि १०० वॉट-तासांपर्यंतची क्षमता विशेष परवानगीशिवाय चालते. फक्त मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतील तर त्या आकड्याला ३.७ ने गुणून १०००ने भागावे. २०,००० ची पॉवर बँक अशा हिशेबाने ७४ वॉट-तासांची ठरते. फुगलेली पॉवर बँक कोठेही नेऊ नये.

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर तरी भारतीय प्लग चालेल ना?

तसे गृहीत धरू नये. कॉर्डेलिया कंपनीने २०२१ मध्ये मुंबईहून सुरू केलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधले गेले आणि अनेक वर्षे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ या नावाने रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात अमेरिकी प्रवाशांना घेऊन फिरत होते. जहाजाचा मालक बदलला म्हणून भिंतीतील वायरिंग आपोआप बदलत नाही. आरक्षण करताना आपल्या केबिनच्या प्रकारात कोणते सॉकेट आहे हे विचारून घ्यावे आणि उत्तर काहीही मिळाले तरी युरोपीय व अमेरिकी असे दोन्ही लहान ॲडॉप्टर बॅगेत ठेवावेत. दोन्ही मिळून खिशातील रुमालाएवढीही जागा घेत नाहीत.

मनाई असलेली वस्तू चुकून सोबत आलीच तर काय होते?

सामान जहाजावर चढवण्यापूर्वी क्ष-किरण यंत्रातून जाते. किटली, इस्त्री किंवा सर्ज प्रोटेक्टर दिसला की बॅग बाजूला काढतात. काही वेळा ती केबिनपर्यंत न येता सुरक्षाकक्षात थांबते आणि प्रवाशाला तेथे बोलावून समोर उघडली जाते. अशा वस्तू साधारणपणे पावती देऊन ठेवून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. पावती सांभाळून ठेवावी, आणि शेवटच्या दिवशी उतरण्याच्या रांगेत लागण्याआधी वस्तू कोठे परत मिळणार हे स्वागतकक्षात विचारून घ्यावे. काही जहाजांवर त्या बंदराच्या इमारतीत सामानाच्या पट्ट्याजवळ वेगळ्या टेबलावर मांडलेल्या असतात.